वॉशिंग्टन म्हणजे धोबीगाव? छे!

घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर आलाय. 'वॉशिंग' म्हणजे धुणं, 'टन' म्हणजे टाउन, म्हणून वॉशिंग्टन म्हणजे धोबीगाव. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, त्याचे पूर्वज धोबी. जगातली सगळी वॉशिंग्टन त्याच्याच नावाची, आपला क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदरसुद्धा.

'टन' तेवढं बरोबर. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे कुंपणाआतली जागा, मग शेतवाडी, मग गाव. म्हणजे आपली वाडीच. पण 'वॉशिंग'चा धुण्याशी संबंध नाही. ह्वॅसा नावाचा कुणी माणूस आणि 'इंग' म्हणजे त्याची माणसं. इंग्लंडच्या ईशान्येला, डरॅमजवळ, ही ह्वॅसावाडी अजून आहे.

आता पूर्वज. बाराव्या शतकात हर्टबर्नच्या विल्यमकडे हे गाव आलं आणि त्यानं गावाचं नाव लावलं. आपल्याकडे '-कर' लागतं तसंच: हर्टबर्नकर होते, वॉशिंग्टनकर झाले. त्याच घराण्यातला जॉन वॉशिंग्टन १६५० च्या दशकात तंबाखूच्या व्यापारी जहाजावरून व्हर्जिनियात आला आणि तिथंच राहिला. १७३२ साली जन्मलेला जॉर्ज हा त्याचा पणतू. जहाज, तंबाखू, जमीनजुमला. धोबीघाट कुठंच नाही. (आणि असता तरी काय बिघडलं असतं? मजकुराखालचे हसरे चेहरे पाहून मला तेच विचारावंसं वाटलं.)

सगळी वॉशिंग्टन जॉर्जची? मूळ गाव तर त्याच्या कितीतरी शतकं आधीचं. अमेरिकेची राजधानी मात्र त्याच्याच नावाची, १७९१ साली, तो हयात असतानाच. १८८९ साली राज्य झालेलं वॉशिंग्टन देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. बाजारात स्टिकर लावून येणारी सफरचंदं तिथली, राजधानीतली नव्हेत.

आडनावाची गोष्ट आणखी वेगळी. आज अमेरिकेत हे आडनाव लावणारे बहुतेक लोक कृष्णवर्णीय आहेत. गुलामीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांना लहानपणी शाळेत पूर्ण नाव विचारलं, तेव्हा त्यांच्याकडे फक्त 'बुकर' होतं. 'वॉशिंग्टन' त्यांनी तिथंच स्वतः जोडलं. त्यात जॉर्जशी रक्ताचं नातं कुठून आणायचं?

राहिला सुंदर. चेन्नईत त्याच्या वडिलांच्या लहानपणी शेजारी वॉशिंग्टन नावाचे एक निवृत्त लष्करी गृहस्थ राहत. घरची परिस्थिती बेताची. फी, गणवेश, पुस्तकं सगळं त्यांनी पुरवलं. ते १९९९ साली वारले आणि त्याच वर्षी झालेल्या मुलाला वडिलांनी त्यांचं नाव दिलं. दुसरा मुलगा झाला असता तर त्याला वॉशिंग्टन ज्युनियर म्हटलं असतं, असं ते सांगतात.