चाळिशीनंतरची निसर्गनोंदवही

जंगलभ्रमंतीला येणाऱ्या प्रौढ मंडळींच्या गळ्यात हल्ली कॅमेरा असतो, मोबाईलमध्ये पक्षी ओळखणारे ॲप असते, पण वही क्वचितच दिसते. विचारले तर "चित्रकला शाळेतच सुटली हो," हे उत्तर ठरलेले. माझ्या मते निसर्गनोंदींचा चित्रकलेशी संबंध फार थोडा आहे आणि नागरिक विज्ञानाला, म्हणजे सामान्य लोकांच्या नोंदींवर चालणाऱ्या संशोधनाला, आपला खरोखर उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर मोठ्या माणसांनी सुरुवात वहीपासूनच करावी.

काटेसावर आणि पांगारा घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर दोन्ही झाडे पाने गाळून लाल फुलतात, दोघांच्याही अंगावर काटे असतात आणि दुरून काढलेल्या फोटोत नवख्याला दोन्ही सारखीच वाटतात. पेन्सिल हातात घेतली की मात्र नीट पाहावेच लागते. सावरीचे फूल पाच जाड, मांसल पाकळ्यांचे, मध्ये पुंकेसरांचा झुबका. पांगाऱ्याची फुले फांदीच्या टोकाला दाटीने आलेली, प्रत्येक फुलाची एक पाकळी लांब आणि बाकीच्या नावापुरत्या. रेघ वाकडी आली तरी काही बिघडत नाही. शेजारी तारीख, वेळ, ठिकाण आणि फुलांवर कोण कोण येऊन गेले ते लिहावे आणि एखादा पक्षी ओळखता आला नाही, तर तसेच स्पष्ट लिहावे. पन्नाशीतल्या माणसाला नेमके हेच जड जाते; चारचौघांत चुकीचे नाव ठोकून देणे त्याला सोपे वाटते.

चुकीच्या नोंदीपेक्षा खोटी नोंद अधिक घातक, हे रानपिंगळ्याच्या इतिहासात दिसते. १८८४ नंतर या घुबडाचा खरा नमुना (संग्रहासाठी जतन केलेला पक्षी) कोणाला मिळाला नव्हता. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा केलेला नमुना प्रत्यक्षात दुसऱ्याने आधीच गोळा केलेला, माहितीची चिठ्ठी बदललेला निघाला. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला.

आपल्या नोंदी एवढ्या नाट्यमय नसतात, आणि नसाव्यातही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का, असा प्रश्न येतो. तिथे "हो" म्हणायचे तर कावळा आणि साळुंकीही यादीत हवेतच. दुर्मीळ तेवढेच टिपणाऱ्यांच्या नोंदींतून नेहमीचा पक्षी कमी होत चालल्याचे कधीच कळणार नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स'चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवर उभा राहिला, आणि दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो चास पक्षी घटतो आहे, हे त्यातूनच पुढे आले.

झाडांच्या नोंदींसाठी 'सीझनवॉच' हा उपक्रम आहे. एक झाड निवडायचे आणि दर आठवड्याला पालवी, फुले, फळे यांची नोंद करायची. काहीच नसेल तर तेही नोंदवायचे. निवृत्त माणसांना यापेक्षा सोयीचे काम मला तरी सुचत नाही. त्यासाठी दर वेळी ताडोबाला जायला नको, सोसायटीच्या फाटकाजवळचा बहावाही चालतो.

भ्रमंती आयोजित करणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. तीन तासांत किती प्रजाती दाखवल्या, याची जाहिरात थोडी कमी करावी आणि त्यातला अर्धा तास लोकांना एका जागी वही घेऊन गप्प बसू द्यावे. घुबडाची ढोली किंवा कोणाचे घरटे दिसलेच, तर त्याचे नेमके ठिकाण वहीत राहू द्यावे, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये.