बशीत तर काहीही मरतं

सध्या एक संदेश या गटातून त्या गटात फिरतोय. थोडक्यात तो असा: खोल समुद्रातल्या बुरशीत शास्त्रज्ञांना कर्करोगावरचा रामबाण उपाय सापडला, त्याने ४८ तासांत कर्कपेशींचा फडशा पडतो, नैसर्गिक असल्यामुळे दुष्परिणाम शून्य, पेटंट मिळत नाही म्हणून औषध कंपन्यांनी तो दाबून ठेवला, तेव्हा केमोच्या नादी लागू नका. खाली जोडलेले हात आणि 'निदान दहा जणांना पाठवा'.

पंचाईत अशी की मूळ धागा खोटा नाही. समुद्री बुरशींपासून कर्कपेशी मारणारे रेणू खरोखर मिळतात, आणि भरपूर मिळतात. त्या धाग्यावर विणलेलं बाकीचं मात्र उसवून बघावं लागेल.

'४८ तासांत कर्कपेशी मरतात.' मरतात की. पण कुठे? तळहातावर मावेल एवढी प्लॅस्टिकची थाळी असते, तिला ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात गुलाबी पोषकद्रवात काही हजार पेशी. त्यांवर बुरशीतून काढलेला पदार्थ कमीजास्त प्रमाणात घालायचा, दोन-तीन दिवस थांबायचं आणि मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळेपणा किती, ते यंत्र मोजतं. ज्या प्रमाणाला तो निम्म्यावर येतो, तो आकडा शोधनिबंधात जातो आणि तिथून, मधले सगळे 'जर' आणि 'कदाचित' गाळून, आपल्या फोनवर येतो.

त्याच खळग्यात फिनेल टाकलं तरी पेशी मरतील. साबणाचं पाणी टाकलं तरी मरतील. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. शेजारच्या खळग्यातल्या निरोगी पेशी वाचल्या का? किती थोड्या मात्रेत काम झालं? शरीरात गेल्यावर यकृत त्या रेणूचे तुकडे करून टाकेल का? रक्तातली प्रथिनं त्याला धरून ठेवतील का? गाठीपर्यंत तो पोचेल तरी का? खळग्यात ना यकृत असतं, ना मूत्रपिंड, ना माणूस.

ग्लायोटॉक्सिन या विषारी रेणूचंच बघा. समुद्रातून मिळवलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीतही ते सापडतं आणि कर्कपेशींना अगदी थोड्या मात्रेत गारद करतं. नुसत्या थाळीवर निकाल लावायचा तर पहिला नंबर यालाच द्यावा लागेल. पण हीच बुरशी माणसाच्या फुप्फुसात शिरली की हेच ग्लायोटॉक्सिन आपल्या रोगप्रतिकारक पेशींना लोळवतं आणि बुरशीला रान मोकळं करून देतं.

'नैसर्गिक, म्हणून दुष्परिणाम नाहीत' या मुद्द्याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. उरलेलं निम्मं असं: अ‍ॅस्परजिलसच्याच कुळातल्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवतात, आणि अफ्लाटॉक्सिनने यकृताचा कर्करोग होतो. शंभर टक्के नैसर्गिक. दुसरीकडे, ज्या केमोला हा संदेश 'रासायनिक विष' ठरवतो, तिच्यातलं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून येतं आणि डॉक्सोरुबिसिन मातीतल्या जिवाणूंपासून. नैसर्गिक आणि रासायनिक अशा दोन पेट्या करून औषधं त्यांत टाकता येत नाहीत, कारण निम्मी औषधं दोन्हींत बसतात.

'खोल समुद्रातच मिळतं' हा मुद्दा झटकन उरकतो. समुद्रातून मिळणाऱ्या बुरशींत अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचीच गर्दी असते, आणि ही मंडळी जमिनीवरही सुखाने नांदतात. शिवाय नमुने बहुतेक वेळा किनाऱ्याजवळचा गाळ, स्पंज (समुद्रतळाला चिकटून राहणारे साधे प्राणी), शैवाल, कांदळवन अशा ठिकाणांहून येतात. 'खोल' हा शब्द नाट्यासाठी.

पण समुद्र संपला की खरी मजा सुरू होते, ती या संदेशात कधीच नसते. काचेच्या चंबूत तांदूळ आणि समुद्राचं पाणी घालतात, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात आणि गार झाल्यावर बुरशीचा तुकडा आत सोडतात. तीन-चार आठवड्यांत तो भात हिरवा, काळा किंवा गंजासारखा तांबूस होतो. मग इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये भिजवून अर्क काढायचा, तो आटवून तपकिरी चिकटा उरवायचा आणि त्यातले घटक एकेक करून वेगळे करायचे. शेवटी कुपीच्या तळाशी काही मिलिग्रॅम पांढरी पूड. पुष्कळदा तपासाअंती कळतं की हा रेणू आधीच कुणीतरी शोधलेला आहे. म्हणून मग तीच बुरशी दुसऱ्या अन्नावर, दुसऱ्या तापमानाला वाढवून बघतात, कारण परिस्थिती बदलली की तिचं स्वयंपाकघरही बदलतं. तरी बुरशीचं हेच मोठं बळ आहे की ती पुन्हा वाढवता येते. स्पंजाचं तसं नाही. हॅलिकॉन्ड्रिन बी हा कर्कपेशी मारणारा रेणू ६०० किलो स्पंजातून जेमतेम १२.५ मिलिग्रॅम मिळाला होता!

आता 'कंपन्यांनी दाबून ठेवलं'. हा आरोप मला सर्वांत गमतीचा वाटतो, कारण समुद्री बुरशीतून सर्वांत पुढे गेलेल्या रेणूची कहाणी नेमकी उलटी आहे. हॅलिमिडा या हिरव्या शैवालावरच्या अ‍ॅस्परजिलसमध्ये हॅलिमाइड नावाचा रेणू सापडला. पेशी विभागताना ट्युब्युलिन या प्रथिनाच्या नळ्या उभारते. हा रेणू त्या उभारू देत नाही. रसायनतज्ज्ञांनी त्यात फेरफार करून प्लिनाब्युलिन घडवलं, आणि अशा घडवलेल्या रेणूला पेटंट मिळतं. दाबणं राहिलं बाजूला, कंपनीने त्यावर पैसा ओतला आणि तो थेट तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत नेला.

त्या चाचणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे, आधीचे उपचार निष्फळ ठरलेले ५५९ रुग्ण होते. प्लिनाब्युलिन मिळालेल्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १०.५ महिने भरलं, न मिळालेल्यांचं ९.४ महिने. म्हणजे फरक महिनाभराचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरण्याचं प्रमाण मात्र बरंच कमी झालं, आणि त्याच वेळी पोटाच्या तक्रारी व तात्पुरता वाढलेला रक्तदाब जास्त दिसला. केमोने पांढऱ्या पेशी घटू नयेत यासाठी अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएकडे वेगळा अर्ज गेला होता. तो २०२१ मध्ये, आणखी एक नीट चाचणी हवी असं सांगून, परत आला. दडपलेलं औषध असं चारचौघांत तपासलं जात नाही.

समुद्राने कर्करोगावर औषधं दिली आहेत, हे खरंच. स्पंजांतल्या रेणूंवरून सुचलेलं सायटाराबिन १९६९ पासून वापरात आहे, आणि वर आलेल्या हॅलिकॉन्ड्रिनपासून घडवलेलं एरिब्युलिन २०१० पासून. कंपन्यांना समुद्राचं वावडं असतं तर ही दोन्ही बाजारात दिसली नसती. समुद्री बुरशीतून आलेलं कर्करोगाचं एकही औषध मात्र अजून मंजूर नाही. मंजुरीच नाही, तर 'समुद्री बुरशीचा अर्क' म्हणून कॅप्सूल विकणाऱ्याच्या बाटलीत नेमकं काय आणि किती आहे, हे त्यालाच विचारा.

राहिला शेवटचा आणि सर्वांत घातक मुद्दा: 'केमो सोडा'. प्लिनाब्युलिनच्या त्या चाचणीत दोन गट होते. एकाला डोसेटॅक्सेल आणि प्लिनाब्युलिन, दुसऱ्याला डोसेटॅक्सेल आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस. डोसेटॅक्सेल ही केमोच, आणि तिचा कच्चा माल यू नावाच्या झाडाच्या पानांतला. केमो न घेणारा गट त्या चाचणीत नव्हताच.