निपाणीच्या दादांना उत्तर: शंभर बाय शंभरच्या चौकोनात माझं काय?

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण रागात काहीतरी लिहून बसले असते म्हणून दोन दिवस थांबले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या वेळी मी मालिकेच्या स्क्रीनकॅप्सवरनं (व्हिडिओ थांबवून पकडलेल्या चित्रांवरनं) केलेले बारा आयकॉन (डीपीला लावायची शंभर बाय शंभर पिक्सेलची चित्रं) टाकले होते, त्यावर दादांनी तीन गोष्टी लिहिल्यात. एक, टीव्हीवरचं चित्र घ्यायचं, चौकोन कापायचा, वर रंग फासायचा, हे फोनवर दोन मिनिटात होतंय, यात तुमचं काय आहे? दोन, शूटिंग दुसऱ्याचं, नटी दुसऱ्याची, आणि खाली "घेतलात तर क्रेडिट द्या" असं तुम्ही कुठल्या हक्कानं लिहिता? तीन, चौथ्या आयकॉनमध्ये त्या बाईला तुम्ही गोरी करून टाकलाय, ती तशी नाहीच.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथं तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि ते वाचून मला खरंच वाईट वाटलं.

तो सीन रात्रीचा आहे, जिन्यावर एक बल्ब आणि बाकी सगळा काळोख, आणि एवढ्याशा चौकोनात काळोख म्हणजे नुसता डाग दिसतो म्हणून उजळवायला पाहिजेच होतं. मी हे सगळं शिकले ते बाहेरच्या देशातल्या पोरींकडनं, इंग्लिश मालिकांचे आयकॉन करणाऱ्या, २००६-०७ ला तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या सायबर कॅफेत बसून त्यांचे धडे वहीत उतरवून घ्यायचे. त्या धड्यांत पहिली पायरी ठरलेली, फोटोशॉपमध्ये मूळ लेयरची (चित्राच्या थराची) कॉपी करा, मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळायची पद्धत, 'स्क्रीन'वर ठेवा, तरी अंधार असेल तर अजून एक कॉपी. मग गडद निळ्या रंगाचा लेयर एक्सक्लूजनवर, मग सॉफ्ट लाइट, हे पण मोडच. इतक्या वर्षांत हात आपोआप तिकडंच जातो. पण स्क्रीन मोडचं गणित बघा, ते फक्त उजळवतं, काळं कधीच करत नाही. समजा गालाचा रंग लाल १७०, हिरवा १२०, निळा ९० आहे (शून्य म्हणजे काहीच नाही, २५५ म्हणजे पूर्ण), म्हणजे आपल्याकडं पुष्कळ जणांचा असतो तसा सावळा-गव्हाळ. त्यावर त्याचीच कॉपी स्क्रीनवर टाकली की तो २२७, १८४, १४८ होतो. दुसरी टाकली की २४६, २१७, १८६. मी दोन टाकल्या होत्या. म्हणजे बल्बचा उजेड गालावर जिथं पडलाय आणि जिथं नाही, तो फरकच पुसून गेला आणि वर बाई वेगळीच झाली.

ते धडे गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेले होते, तिथं चेहरा थोडा चिनीमातीसारखा दिसला तर त्यांना तेच पाहिजे असायचं. आमच्या आईला ती मालिका आवडते ती त्या बाईमुळंच, पहिल्या भागाला आई म्हणाली होती, "बघ की ग, आपल्यातलीच वाटतीय." आणि मी तिलाच धुऊन काढली. आता कर्व्हज (उजेड कमी-जास्त करायची वक्ररेघ) वापरलंय, त्याच्या मास्कवर, म्हणजे झाकणावर, मऊ काळ्या ब्रशनं चेहरा, मान आणि कठड्यावरचा हात झाकून घेतला, म्हणजे भिंत आणि जिना तेवढा उजळतो, चेहऱ्यावर वेगळा कर्व्ह दिलाय तो अगदी थोडा. निळा लेयर काढूनच टाकला, त्यानं सावळ्या कातडीवर राखाडी झाक येते. जिन्याच्या सीनचे जेवढे आयकॉन केलेत ते सगळे परत उघडून बघितले, सातव्यात पण तेच झालेलं, तो पण बदललाय.

आणि तुम्ही न दाखवलेली एक चूक मीच सांगते. चौथ्यात कुंकवाच्या कडेला लालसर धूर आल्यासारखं दिसतंय ते मेकअपमुळं नाही, ते माझ्यामुळं. मी जेपीईजी सेव्ह केलेलं, क्वालिटी खाली ओढून. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून साठवतं आणि क्वालिटी कमी असली की रंगाची माहिती उजेडापेक्षा निम्म्या बारकाईनं ठेवतं. मोठ्या फोटोत ते कळत नाही. इथं आख्खं कुंकूच चार-पाच पिक्सेलचं, मग तो लाल रंग कपाळावर सांडणारच. आमच्या मालिकांत कुंकू, लाल काठ, हिरवा चुडा हेच तर असतंय सगळीकडं, त्यामुळं आपल्या आयकॉनला जेपीईजी चालतच नाही असं माझं मत झालंय. पीएनजीत रंगाची माहिती अशी टाकून देत नाहीत, त्याला फाइल मोठी होते म्हणून भीती घालतात, पण हिशेब करा की, १०० बाय १०० म्हणजे १०,००० पिक्सेल, प्रत्येकाला तीन बाइट, काहीच दाबलं नाही तरी ३०,००० बाइट. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर, जिथनं हे शंभर बाय शंभरचं माप आलं, तिथली मर्यादा ४० केबी होती. म्हणजे पीएनजी त्यात बसतंच बसतं.

आता दोन मिनिटांचं.

फोनवर दोन मिनिटात होतं हे खरं आहे, मी पण करून बघितलंय. टीव्हीसमोर फोन धरून काढलात तर लाटांसारख्या रेघा येतात, कारण टीव्हीच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांवर बसत नाही, पण ते सोडा, समजा स्क्रीनशॉट चांगला आला. क्रॉप केला, फिल्टर लावला, झाला. पण कुठल्या क्षणाचा स्क्रीनशॉट? अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण २२ मिनिटं मालिका असते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका भागात ३३,००० चित्रं. त्यातलं एक घ्यायचंय. नववा आयकॉन बघा, ती सासूला उत्तर देत नाही, फक्त पदर सारखा करते. हसू यायच्या आधी ओठाचा एक कोपरा हलतो, ते सगळं मिळून दहा-बारा फ्रेमचं काम आहे, अर्धा सेकंद पण नाही. त्यात दोन फ्रेममध्ये पापणी अर्धी मिटलेली, तीनमध्ये मान हलल्यामुळं चेहरा फराटलेला, एकात मागनं दीर आडवा गेला. उरलेल्यातली मी जी घेतली ती घ्यायला मला आख्खी संध्याकाळ लागली, यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविराम दाबला की एक फ्रेम पुढं, स्वल्पविराम दाबला की मागं, पुढं, मागं, पुढं. आई दोनदा येऊन विचारून गेली, "काय करूलालीस ग मघापासनं, अडकलंय काय ते?" अडकलं नव्हतं. मी ती बघत होते. ते काम मालिकेच्या एडिटरनं माझ्यासाठी करून ठेवलेलं नाही आणि फोनचा फिल्टर पण करत नाही. माझं काय आहे म्हणून विचारलात, तर पहिलं हे आहे.

पूर्वी तर अजून वेळ जायचा. पीसीत टीव्ही ट्यूनर कार्ड, त्याला केबलची वायर, ७२० बाय ५७६ चं चित्र. ते पण सरळ येत नसे, प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असायचे, एकात सम रेघा एकात विषम, आणि दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा फरक, त्यामुळं हात हलला की कडेला कंगव्यासारखे दात दिसायचे. मग डी-इंटरलेस करायचं, म्हणजे एक फील्ड टाकून द्यायचा. उरतात २८८ रेघा. लोक म्हणायचे निम्मं चित्र गेलं, पण मला शेवटी शंभरच पाहिजेत! आणि ७२० रुंदीचं चित्र तसंच वापरलं तर माणसं उंच-सडपातळ दिसायची, ते आधी ७६८ करून घ्यायला लागायचं. जुन्या आयकॉनमध्ये सगळ्यांचे चेहरे लांबुळके दिसतात ते त्यामुळं.

आता चित्र मोठं मिळतंय, १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त पिक्सेल, आणि मला ठेवायचेत दहा हजार. मोठी अडचण इथं आहे. आम्ही बेळगावच्या वडगावचे, विणकरांच्या वस्तीतले, आमचे काका साडीच्या काठाची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढायचे, एक-एक घर भरायचं, त्यावरनं मागावरच्या जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पडायची. कोयरी काढायची तर तिच्या टोकाला किती घरं द्यायची यावर अर्धा-अर्धा तास, एक घर इकडं तिकडं झालं तर विणल्यावर कोयरीचा आंबा होतो. लहानपणी मी ते बघत बसायचे. आयकॉनमध्ये डोळ्यातली चमक एक पिक्सेल असते. चित्र लहान करताना ती आजूबाजूच्या पिक्सेलात मिसळून जाते आणि डोळा मेल्यासारखा दिसतो, मग ८०० टक्के झूम करून तो एक पिक्सेल परत उजळवायचा. शार्पन एकदा, तेही लेयर वेगळा करून आणि ओपॅसिटी (थराचा गडदपणा) निम्म्यावर आणून, नाहीतर केसांच्या कडेला पांढरी रेघ येते. मला जेव्हा कोण म्हणतं यात काय आहे, तेव्हा मला काकांचा तो ग्राफ पेपर दिसतो.

मराठी अक्षरांचं तर विचारूच नका. इंग्लिश पिक्सेल फॉन्ट आठ पिक्सेल उंचीत बसतो. आपल्याला वरची रेघ पाहिजे, तिच्यावर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, चौदा-पंधराच्या आत वाचता येत नाही. त्यामुळं मी शब्द असे शोधते की खाली काही लोंबत नाही. "गप्प बस" बसतं, "तू बोलू नकोस" लिहायचं म्हणजे दोन उकार. शेजारच्या काकींना त्यांच्या कन्नड मालिकेचा एक करून दिलेला, आमच्याकडं एकाच रिमोटवर सातला मराठी आणि साडेसातला कन्नड चालतंय, तर कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली जातं, तिथं ओळच वर सरकवायला लागली. आणि जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाइप केलं की वेलांटी भलतीकडं आणि जोडाक्षरं फुटलेली. नंतरच्या काही आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या तिथं मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडायला लागायचं. गिंपमध्ये ही कटकट नाही, ते फुकट पण आहे, मराठीत आयकॉन करायला बसणाऱ्यांना मी गिंपच सांगते.

राहिलं क्रेडिटचं. चेहरा माझा नाही, कपडेपट माझा नाही, तो जिना आणि तो बल्ब लावणारा माणूस माझा नाही. तसं मी कधी म्हटलं नाही, पण कधी लिहिलं पण नव्हतं, हे तुमच्या कमेंटनंतर लक्षात आलं. मालिकेचं नाव, भागाचा क्रमांक आणि चॅनेल असं आता प्रत्येक सेटच्या वर लिहिणार. टेक्स्चर (चित्रावर चढवायचा पोत) आणि ब्रश ज्यांचे वापरले त्यांची नावं खाली असतातच, आणि "क्रेडिट द्या" ही पद्धत मुळात तिथनंच आलीय, एकीनं टेक्स्चर दिलं, दुसरीनं त्याचा आयकॉन केला, तिसरीनं लावला, मागनं येणाऱ्याला पहिली सापडली पाहिजे. मी जे मागते ते कापण्याचं, रंगाचं आणि अक्षरांचं मागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ व्या कलमात समीक्षेसाठी, खाजगी वापरासाठी मुभा आहे, पण त्याचा आडोसा घेऊन मी वाद घालणार नाही. मी एवढंच पाळते, आयकॉन विकत नाही, पैसे घेऊन कुणाला करून देत नाही, आणि चॅनेलचा लोगो कधी पुसत नाही. लोगो मध्ये आला तर तो टाळून क्रॉप करते, नाहीच टळला तर फ्रेम सोडून देते. लोगो खोडून चित्र आपलं म्हणून फिरवणारे आहेत, त्यांच्यात मला धरू नका.

चौथा आणि सातवा नवीन टाकलेत, जुने पण शेजारी ठेवलेत म्हणजे फरक दिसेल. कुणी जुना चौथा डीपीला लावला असेल तर तेवढा बदलून घ्या. आणि दादा, तुम्हाला ती बाई बरोबर आठवत होती म्हणजे तुम्ही तो सीन नीट बघितलाय. जिन्यावर ती खाली बघते तिथनं दार वाजेपर्यंत साधारण चाळीस सेकंद आहेत, त्यातली कुठली फ्रेम तुम्ही घेतली असती ते मिनिट-सेकंदासकट लिहून कळवा, मी ती काढून आयकॉन करते.