तळघराच्या ओलीवर ‘आतून दोन हात मारा’ हा इलाज नव्हे

पावसाळा तोंडावर आला की तळघराच्या नूतनीकरणाबद्दलचा एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. बंगल्याच्या किंवा रो-हाऊसच्या तळघरात अभ्यासिका, व्यायामाची खोली किंवा घरगुती थिएटर करू इच्छिणाऱ्यांना त्यात ठामपणे सांगितलेले असते की, पुण्यासारख्या गावी खाली काळा खडक असल्यामुळे जमिनीतून पाणी येण्याची भीती नाही; उन्हाळ्यात भिंत कोरडी दिसली तर तळघर कोरडेच समजावे; शंका वाटलीच तर आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारावेत, कारण बाहेरून खोदणे म्हणजे ठेकेदाराने बिल फुगवणे; जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल बसवली की खालची ओल वर येत नाही; आणि उरलासुरला कुबट वास खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो. प्रत्येक विधानात थोडे तथ्य असल्यामुळे हा सल्ला पटतो, आणि त्यावर भरवसा ठेवून केलेले फर्निचर पहिल्या दोन पावसाळ्यांतच फुगते.

खडकापासून सुरुवात करू. अखंड काळ्या पाषाणातून पाणी फारसे झिरपत नाही हे खरे, पण तळघराला धोका नेमका त्यामुळेच असतो. पावसाचे पाणी वरची माती आणि मुरूम यांतून खाली उतरते, खडकाच्या पाठीवर अडते आणि तिच्या उताराने आडवे वाहू लागते. वाटेत तळघरासाठी खडक फोडून केलेला खड्डा लागतो. भिंत बांधायला जागा हवी म्हणून हा खड्डा भिंतीच्या बाहेर थोडा जास्तच खणलेला असतो, आणि काम संपल्यावर ती फट सैल मुरमाने, पुष्कळदा तर बांधकामाच्या राडारोड्याने भरून टाकतात. परिणामी घराभोवती असा एक हौद तयार होतो की ज्यात पाणी सहज शिरते, पण खडक त्याला बाहेर पडू देत नाही. आपल्याकडच्या जुन्या ठेकेदारांना हे ठाऊक होते. म्हणून तर खड्ड्याच्या तळाशी शहाबादी फरशी अंथरायची, सांधे सिमेंटने भरायचे, त्यावर काँक्रीटचा तळ ओतायचा आणि भिंतींनाही बाहेरून शहाबादी उभी लावून मागची पोकळी ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटच्या मिश्रणाने, भरायची, ही ‘बॉक्स टाइप’ वॉटरप्रूफिंगची पद्धत इथे रुळली. पाणी भिंतीला लागण्याआधीच अडवावे, एवढाच तिचा आशय आहे.

आता रंगाचा मुद्दा, कारण सगळ्या संदेशाचा भार त्यावर आहे. पाणी साचले की प्रत्येक मीटर खोलीमागे दर चौरस मीटरला एक टन दाब येतो. भिंतीबाहेरचा भराव तळघराच्या जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंत पाण्याने भरला, तर भिंतीच्या पायथ्याशी हाच दाब दोन टन होतो. बाहेरून लावलेला थर या दाबाने भिंतीला अधिकच चिकटतो, तर आतून लावलेला थर त्याच दाबाने भिंतीपासून सुटू पाहतो. दाब नुसता ओलीपुरता असला तरी पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या पापुद्र्यामागे स्फटिक होऊन साठतात, रंगाला फुगे येतात, गिलाव्याचे पोपडे निघतात. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो ते हेच, आणि त्यावर रंगाचा तिसरा हात मारल्याने लोणा केवळ काही महिने दिसेनासा होतो.

आतून केलेले प्रत्येक काम निरुपयोगी असते, असे मात्र मी म्हणणार नाही. काँक्रीटच्या छिद्रांत शिरून तिथे स्फटिक तयार करणारे सिमेंटयुक्त लेप आतून लावूनही टिकतात, कारण ते पापुद्रा म्हणून वर न राहता काँक्रीटचाच भाग होतात. विटांच्या किंवा दगडी भिंतीवर मात्र त्यांचा भरवसा नाही. भिंत आणि जमीन यांच्या जोडातून पाणी येत असेल (बहुतेकदा ते तिथूनच येते), तर तो जोड खाचून, इंजेक्शन ग्राउटिंग करून (दाबाने ग्राउट आत भरून), वर पक्का वाटा, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, काढावा लागतो. रो-हाऊसमध्ये शेजाऱ्याची भिंत सामाईक असल्यामुळे बाहेरून खोदता येत नसेल, तर पाण्याशी भांडण्याऐवजी त्याला वाट करून द्यावी: भिंतीच्या आतून उंचवटे असलेला प्लास्टिकचा पडदा, कडेने नाली, एका कोपऱ्यात संप (पाणी गोळा होणारा खड्डा) आणि वीज गेली तरी चालेल असा पंप. बीएस ८१०२ या ब्रिटिश मानकाने जमिनीखालच्या बांधकामासाठी मान्य केलेल्या तीन प्रकारांपैकी हा एक आहे. त्यात रंगाला फक्त शोभेपुरते स्थान आहे.

या सगळ्याआधी पाणी कुठले, हे शोधायला हवे, आणि संदेशात त्याचा साधा उल्लेखही नाही. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार लिटर पाणी जमते. पन्हळीचा पाइप ते भिंतीच्या बुंध्याशीच ओतत असेल, तर पाइप लांबवणे आणि अंगणाला घराबाहेर उतार देणे हे कुठल्याही लेपापेक्षा स्वस्त पडते. तळघराला लागून जमिनीखालची पाण्याची टाकी असेल तर ती भरून, आवक-जावक बंद करून, पातळीची खूण चोवीस तासांनी पुन्हा पाहावी; पातळी उतरली असेल तर टाकी गळते आहे.

उन्हाळ्यातल्या कोरड्या भिंतीने फारसे काही सिद्ध होत नाही, कारण त्या वेळी तो हौदच रिकामा असतो. परीक्षा ऑगस्टमध्ये घ्यावी. साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट लावून किमान सोळा तास ठेवावा. कागदाखाली पाणी दिसले तर ते जमिनीतले, वरच्या बाजूला दिसले तर हवेतले. नूतनीकरणाची घाई असलेल्याला एक पावसाळा थांबा म्हणणे रुचत नाही, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला तरी माहीत नाही.

याच परीक्षेने खिडक्यांचा सल्लाही तपासता येतो. जमिनीत काही मीटर खाली तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, पुण्यात सुमारे २५ अंश असते. बाहेरची हवा २८ अंश तापमानाची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते तो) २५ अंशांच्या आसपासच येतो. म्हणजे जुलैत खिडक्या उघडून आपण पाणीच आत घेतो आणि ते थंड भिंतीवर जमते. खिडक्या हिवाळ्यात खुशाल उघडाव्यात.

टाइलबद्दल एवढेच, की ती पाण्याला अडवत नाही, झाकते. दीडशे मिलिमीटर जाडीच्या आरसीसी जमिनीचे वजन चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो भरते. पाणी तिच्या बुडापासून ४० सेंटिमीटर चढले तरी वरचा रेटा ४०० किलो होतो. नुसत्या वजनावर टेकलेली जमीन अशा वेळी उचलली जाते किंवा तडकते, आणि वरची टाइल तिच्याबरोबर जाते.

अभ्यासिकेच्या उत्साहाबद्दल एक गोष्ट राहते. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमधल्या एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील वाचनालयात रस्त्यावरचे पाणी घुसून तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. ते पाणी भिंतीतून झिरपलेले नव्हते, आणि कोणत्याही वॉटरप्रूफिंगने ते अडले नसते. म्हणून लेपाचा विचार करण्याआधी मंजूर नकाशात तळघराचा वापर काय दाखवला आहे ते पाहावे, जिन्याचा किंवा उताराचा उंबरठा रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच घ्यावा, विजेचा बोर्ड वरच्या मजल्यावर ठेवावा आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे आधी ठरवावे.