जिलबीसुद्धा स्लो मोशनमध्ये

मंदारने क्रीमरोल तोंडाशी नेला, थांबला, दिव्याच्या उजेडात फिरवून बघितला आणि पुन्हा तोंडाशी नेला. "अरे झॅक स्नायडर, खा की आता," शिल्पा म्हणाली. झालं. पुढचे दोन तास त्यातच गेले.

आमचा कट्टा म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका बंद पडलेल्या स्टेशनरीच्या दुकानाच्या तीन पायऱ्या. समोर अमृततुल्य. सगळ्यात वर दीक्षितकाका, कारण गुडघे त्यांना खाली बसू देत नाहीत. मधे मी आणि शिल्पा. पक्या कायम उभा, स्कूटरला टेकून. मंदार लग्नाचे व्हिडिओ करतो, त्यामुळे मुहूर्त असले की तो दिसत नाही आणि नसले की उठत नाही.

पक्या या स्नायडरचा, म्हणजे स्लो मोशनसाठी गाजलेल्या हॉलिवूडच्या दिग्दर्शकाचा, भक्त. 2021 मध्ये चार तास दोन मिनिटांची 'जस्टिस लीग' आली, त्या दिवशी पोट बिघडल्याचं ऑफिसात कळवून हा घरी पडदे ओढून बसला होता. त्याच्यासमोर हे नाव असं क्रीमरोलवरून काढायला नको होतं. स्कूटरपासून त्याची पाठ सुटली.

"नाव झाकून एक फ्रेम दाखव, मी सांगतो त्याची आहे. असे किती दिग्दर्शक उरलेत आज?"

"आमच्या कोपऱ्यावरची भेळ पण मी डोळे मिटून ओळखते," शिल्पा म्हणाली. "चिंच जास्त असते."

मंदारने घास गिळला. "मला नका सांगू त्याचं कौतुक. माझा धंदा त्या माणसाने बिघडवलाय."

हे मंदारचं जुनं दुखणं. सेकंदाला चोवीस फ्रेम असा सिनेमाचा हिशोब. त्याच्या कितीतरी पट घ्यायच्या आणि चोवीसच्या वेगाने दाखवायच्या, की झाला स्लो मोशन. स्नायडरने '300' मध्ये त्यावर कडी केली. एकाच शॉटमध्ये योद्धा पळत येतो, भाला उचलताना रेंगाळतो, भाला रुतला की पुन्हा सुसाट. हा चढउतार लोकांना इतका आवडला की पाच-सात वर्षांत तो लग्नाच्या हॉलमध्ये पोचला. "वरमाला स्लो, अक्षता स्लो, नवऱ्याच्या मामाने फेटा सावरला तोही स्लो," मंदार बोटं मोडत होता. "मागच्या सीझनला एक पार्टी म्हणाली, पंगतीत जिलबी वाढतात ना, ती स्लोमध्ये घ्या."

"घेतलीस?"

"घेतली. पाक ठिबकताना झकास दिसतो. पण जिलबी पण स्लो आणि कन्यादान पण स्लो म्हटल्यावर मुलीच्या बापाने रडायचं कुठे?"

"'रिबेल मून'मध्ये गव्हाची कापणी आहे तशी," शिल्पा म्हणाली. "युद्ध तोंडावर आलंय आणि हे विळे चालवतायत सावकाश. घामाचा थेंब, कणसं, पुन्हा घामाचा थेंब. मी मधे उठून कुकर लावून आले, तोवर कापणी चालूच."

काका इतका वेळ गप्प होते. "हा तुमचा 'डॉन'वाला का रे?" त्यांनी विचारलं.

पक्याच्या घरीही पहिल्यांदा हाच घोटाळा झाला होता. 'डॉन ऑफ द डेड' हे स्नायडरच्या पहिल्या सिनेमाचं नाव देवनागरीत लिहिलं की पहाट राहते बाजूला आणि अमिताभ उभा राहतो. त्याच्या बाबांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली म्हणे.

काकांना मूळचा 'डॉन' माहीत होता, जॉर्ज रोमेरोचा, 1978 चा. व्हीसीआर भाड्याने आणायच्या दिवसांत त्यांनी तो बघितला होता. टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून हा माणूस शहरात कुठे काय दाखवतायत याच्या मागावर असायचा, आणि त्यांच्या मते झॉम्बी या विषयावर रोमेरोनंतर कुणी तोंड उघडायचं कारण नाही. "त्याची मढी चालतात. फरफटत. मॉलमध्ये येतात, का? तर जिवंतपणीची सवय. सरकत्या जिन्यावर धडपडतात, काचेला नाक लावून बघतात. गणपतीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडला जा, तेच दिसेल. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तुमच्या ह्याची मढी पळतात. मेलेला माणूस पळेल कशाला? त्याला कुठली पीएमटी गाठायचीय?"

"पीएमपीएमएल, काका."

"तेच ते."

पळणाऱ्यांचा मुद्दा मोठा आहे आणि त्यात पक्या एकदम बरोबर आहे असं माझं मत. त्याआधी 2002 मध्ये '28 डेज लेटर'मध्येही माणसं पळत अंगावर आली होती, पण ती मेलेली नव्हती, रोगाने पिसाळलेली होती. स्नायडरने 2004 मध्ये मेलेल्यांना पळवलं आणि त्यातून त्याचा स्वतःचा एक मोठा फायदा झाला, जो त्याला तेव्हा कळला नसावा. मढी पळत असली की दिग्दर्शकाला रेंगाळता येत नाही. तो पहिलाच सिनेमा, तोवर आयुष्य गेलेलं जाहिरातींत, पटकथा जेम्स गनची, खर्च हॉलिवूडच्या मानाने बेताचा म्हणजे साधारण 2 कोटी 60 लाख डॉलर. वर कुणीतरी घड्याळ घेऊन बसलेलं असणार. सगळा सिनेमा पावणेदोन तासांच्या आत.

आणि त्यातही सुरुवात. नर्स ड्यूटी संपवून घरी येते. गल्लीतली शेजारची छोटी मुलगी तिला चाकाच्या बुटांवर मागे मागे जाता येतं म्हणून दाखवते. रात्री टीव्हीवर तातडीची बातमी लागते तेव्हा नवरा-बायको न्हाणीघरात, ऐकायला कुणी नाही. सकाळी बेडरूमच्या दारात तीच मुलगी उभी. अंधारात नुसता आकार. नवरा उठतो तो धावत तिच्याकडे जातो, अगदी आपण जाऊ तसा, पोर पडली की काय म्हणून. मग ती पुढे येते आणि तिचा चेहरा दिसतो.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते नवऱ्याचं धावणं. पहिली पावलं मदतीला गेलेल्या माणसाची आहेत. पुढच्या काही मिनिटांत नवरा मरतो, उठतो, बायकोच्याच मागे लागतो, ती खिडकीतून बाहेर पडते तर अख्खी वसाहत पेटलेली. मग टायटल्स, वर जॉनी कॅशचा तो खर्जातला आवाज. जगबुडी उरकली. अजून नाव पडद्यावर नीट आलेलं नाही.

"बघ, बघ," पक्या म्हणाला. "टायटल्समध्ये जग संपवणारा दुसरा कोण आहे? 'वॉचमेन' बघ, टायटल्समध्ये चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास. 'आर्मी ऑफ द डेड' बघ, लास व्हेगास कसं पडलं ते सगळं एका गाण्यात."

"'डॉन'ची टायटल्स काइल कूपरने केलीत," मंदार म्हणाला. "तो टायटल्सचाच माणूस आहे."

पक्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला वाईट वाटलं, कारण मुद्दा तरी त्याचाच राहतो. टायटल्स कुणी का करेनात, तिथपर्यंत गाडी सुसाट नेणारा स्नायडरच आहे. त्याची अडचण टायटल्स संपल्यावर सुरू होते.

'आर्मी'वर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिथेच आवाज चढले. 2021, नेटफ्लिक्स, अडीच तासांना थोडा कमी. कंटेनर रचून कोंडलेलं व्हेगास, आत मढी, कॅसिनोच्या तिजोरीत 20 कोटी डॉलर, आणि ते आणायला निघालेली टोळी. कल्पना ऐकून तिकीट काढावं अशी. पण या वेळी कथा त्याची, पटकथेत तो, निर्मितीत तो, दिग्दर्शन त्याचं आणि कॅमेराही त्यानेच धरलेला. "बास" म्हणायला कोण उरलं?

कॅमेऱ्याचं नाव निघालं तशी मंदारने बॅग उघडली. "थांबा, दाखवतो." त्याने पन्नासची लेन्स लावली, छिद्र पार उघडलं आणि माझ्या चहाच्या ग्लासवर रोखली. स्क्रीनवर ग्लासची पुढची कड इतकी लख्ख की वाळलेल्या सायीचा धागा दिसत होता. मागची कड, तोच ग्लास, दोन बोटांवर, विरघळलेली. पक्या तर भगवा डागच झाला होता, शर्ट भगवा असल्यामुळे. "ही 1.8 आहे. त्याने वापरली ती कॅननची जुनी पन्नास, 0.95. याच्या साडेतीन पट उजेड आत घेते. नट जरासा मागे झुकला की डोळा स्पष्ट आणि कान गायब. एखाद्या शॉटला स्वप्नासारखं वाटतं, पण अडीच तास? टोळीचा सिनेमा आहे, खोलीत नऊ माणसं, मला कुणीच दिसत नाही! आणि वर पडद्यावर पांढरा ठिपका."

ठिपक्याची गोष्ट खरी आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे मेलेले पिक्सेल काही शॉटमध्ये तसेच राहिले, आणि लोकांना वाटलं आपलाच टीव्ही गेला. मेलेल्यांच्या सिनेमात पिक्सेलही मेलेले, हा विनोद मंदारने त्या रात्री दोनदा केला.

"चूक राहिली, मान्य," पक्या म्हणाला. "पण टिग नोटारोचं काय? आधी तिची भूमिका दुसऱ्या नटाने केली होती. त्याच्यावर आरोप झाले, त्याला काढला, आणि हिला जवळजवळ एकटीला हिरव्या पडद्यासमोर उभी करून अख्ख्या सिनेमात बसवली. हेलिकॉप्टरवाली म्हणून ती सगळ्यांत भाव खाऊन जाते. हे कुणाला जमतं?"

हे सगळ्यांनी मान्य केलं. शिल्पानेही.

"आणि हुमा कुरेशी?" तिने मग हळूच विचारलं. "गीता. दोन पोरांची आई. तिच्यासाठी टोळीच्या म्होरक्याची मुलगी बापाचं न ऐकता आत घुसते. गीता सापडते, हेलिकॉप्टरमध्ये बसते, हेलिकॉप्टर पडतं. पुढे? तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही. मेलेला वाघ चावून चावून मारतो त्याला एवढा वेळ आहे, आणि जिच्यासाठी सगळे गेले तिला एक शॉट नाही."

पक्या यावर काहीच बोलला नाही. स्कूटरचा आरसा नीट करत बसला.

मग शिल्पानेच उलटी बाजू घेतली, तिची ही सवय मला कधीकधी छळते. ती म्हणाली, 2017 मध्ये त्याची मुलगी गेली, तो 'जस्टिस लीग' अर्धी सोडून घरी बसला, आणि परत आला तो या सिनेमाने. यात बाप आणि मुलगी एकमेकांशी धड बोलत नाहीत, कारण झॉम्बी झालेल्या आईला बापाने मुलीच्या देखत मारलंय. शेवटी बापालाच चावा बसतो आणि गोळी मुलीला घालावी लागते. "बाकी सगळं मी खोडून काढीन. तो शेवटचा भाग मला नाही खोडता येत."

ही कल्पना स्नायडरकडे मुलगी जाण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून होती, असं मंदार म्हणाला. असेल. शिल्पा म्हणाली, कल्पना जुनी असली तरी शूट करताना माणूस तोच राहतो का? समोर अमृततुल्याचा स्टोव्ह फरफरत होता, तेवढाच आवाज.

काकांनी कोंडी फोडली. "आपल्याकडे काही झालं का रे या प्रकारात?" 'झोंबिवली' झाली की, 2022 मध्ये, डोंबिवलीत, दूषित पाण्यावरून. काकांना नावच इतकं आवडलं की ते तीनदा म्हणून बघितलं. "पाण्यावरून मढी उठतात, हे पटतं. आमच्या सोसायटीत टँकर आला नाही की उठतात."

साडेदहा होऊन गेले होते. पक्याने मोबाइल काढला. "काका, वाद नको. पहिली दहा मिनिटं बघा. त्याची. पळणारी."

"मला डोळ्यांना त्रास होतो."

"दहाच मिनिटं."

आम्ही सगळे वरच्या पायरीवर गोळा झालो. मोबाइल काकांच्या हातात, ब्राइटनेस पूर्ण, आवाज मागून जाणाऱ्या रिक्षांत जेमतेम. नर्स घरी आली. मुलगी चाकांवर मागे मागे गेली. अमृततुल्यवाला कप गोळा करायला आला होता, तो ट्रे घेऊन तसाच आमच्या मागे थांबला. रात्र झाली, टीव्ही चालू राहिला, सकाळ झाली, दार हळूच उघडलं.

"शेजारचीच ना ती पोरगी?" तो म्हणाला. "ए, त्याला सांगा, जाऊ नको म्हणावं."

काकांनी हाताने त्याला गप्प केलं. तेवढ्यात समोरून दूध उतू गेल्याचा वास आला. तो शिवी हासडून पळाला, चांगला पळाला, आणि काकांनी मान वर न करता पक्याला विचारलं, "थांबवायचं कुठून असतं हे? त्याला येऊ दे परत."