रस्त्याला नंबर असतो, काका

गेल्या पावसाळ्यापासून एक फॉरवर्ड गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. वर खड्ड्यात रुतलेल्या एसटीचा फोटो आणि खाली मजकूर : ‘महाराष्ट्र सरकारला कुठे किती रस्ते, किती दवाखाने लागतात हेच माहीत नाही. कुणी कधी मोजलेलंच नाही. इंग्रज शंभर वर्षांचा विचार करून पूल बांधायचे. आपल्याकडे आमदाराच्या मनात आलं की नारळ फुटतो. कुठल्या जिल्ह्याला किती पैसे, हे मंत्री ठरवतात.’ आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीन वेगवेगळ्या काकांनी टाकला. त्यातल्या धाकट्या काकांनी मला टॅगही केलं, कारण एकेकाळी मी जिल्हा नियोजन समितीच्या बैठकांच्या बातम्या करायचो.

फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही. खड्डा खराच असणार. मजकुराचं मात्र तसं नाही.

‘कुणी मोजलेलंच नाही’ हे पहिलं वाक्यच घ्या. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली खुर्ची टाकून तक्ता भरत बसलेली माणसं कधी पाहिलीत का? ती सार्वजनिक बांधकाम विभागाची वाहनगणना. सलग सात दिवस, चोवीस तास, वर्षातून दोनदा अशी पद्धत आहे. प्रत्येक वाहनाला त्यात गुणांक असतो. मोटार म्हणजे एक, ट्रक म्हणजे साधारण तीन आणि बैलगाडी म्हणजे चक्क आठ! बैलगाडी हळू चालते, मागच्यांना अडवते, म्हणजे रस्ता जास्त व्यापते, असा त्यामागचा हिशेब. रस्ता रुंद करायचा की नाही, हे या बेरजेवरून बघतात. गणना उसाच्या हंगामात झाली की मे महिन्यात, यावरून आकडा केवढा बदलत असेल, हे सांगली-कोल्हापूरकडच्या कुणालाही विचारा. मोजणीवर शंका घ्यायला जागा आहे, पण मोजणी होतच नाही म्हणायला नाही.

दवाखान्यांचंही तसंच. सपाट भागात 30,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात 20,000 मागे एक. उपकेंद्रासाठी हेच आकडे 5,000 आणि 3,000. कुठल्या तालुक्यात किती केंद्रं कमी पडतात, याचा आरोग्य खात्याकडे बृहत् आराखडा असतो.

आता इंग्रज. त्यांचे दगडी पूल बघून आपण हळवे होतो, कारण जे टिकले तेवढेच आपल्याला दिसतात. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल इंग्रजी अमदानीतलाच होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. शेजारचा नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 2017 च्या जूनमध्ये खुला झाला. राहता राहिला शंभर वर्षांचा विचार. देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी 1943 साली नागपुरात बसून रस्त्यांचा पहिला देशव्यापी आराखडा केला, तो वीस वर्षांचा होता. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथूनच आली. पुढे महाराष्ट्रानेही 1961-81, 1981-2001, 2001-2021 अशा वीस-वीस वर्षांच्या रस्ते विकास योजना केल्या. यातल्या शेवटच्या योजनेत 3.37 लाख किलोमीटरच्या आसपास लांबीचं उद्दिष्ट धरलं होतं.

‘जिल्ह्याला किती पैसे, हे मंत्री ठरवतात’ या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. कारण हा हिशेब मांडण्यात महाराष्ट्राने जेवढी डोकेफोड केली, तेवढी कुठे झाली असेल असं मला वाटत नाही.

1983 साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा असं एकेक क्षेत्र घेतलं, राज्याची सरासरी काढली आणि तिच्याखाली असलेला प्रत्येक जिल्हा वर आणायला किती खर्च येईल ते मांडलं. हाच तो ‘अनुशेष’. सिंचनात तर पिकापिकाला लागणारं पाणी वेगळं, म्हणून सगळं क्षेत्र रब्बीच्या भाषेत आणून ‘रब्बी समतुल्य’ हेक्टर काढले. 1984 च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला 3,186.78 कोटी रुपये. त्यात विदर्भ 1,246 कोटी, मराठवाडा 750 कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र 1,189 कोटी. शेवटचा आकडा वाचून बरेच जण चमकतात. पण मोजमाप जिल्ह्याचं होतं, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या आडोशाला दडलेले मागास जिल्हेही उघडे पडले.

पुढे घटनेच्या 371(2) कलमाखाली 1 मे 1994 पासून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळं आली. नव्या समितीने त्या वर्षापर्यंतचा अनुशेष मोजला, तो 14,006.77 कोटी भरला. निधी कसा वाटायचा याचे निर्देश राज्यपाल देऊ लागले आणि सरकारला ते पाळावे लागत. म्हणजे मंत्र्याची मर्जी कागदावर तरी बांधलेली होती. 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली. हाच फॉरवर्ड 2019 साली आला असता तर मी त्याला सरळ खोटा म्हटलं असतं, आज तसं म्हणवत नाही. जिल्हा वार्षिक योजनेला अजूनही लोकसंख्या, क्षेत्रफळ, मानव विकास निर्देशांक यांचं सूत्र आहे. पण सूत्राने मर्यादा ठरली की पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी अर्थमंत्र्यांपुढे ‘वाढीव मागणी’ घेऊन बसतात आणि तिथे पालकमंत्र्याचं वजन चालतं. मी तेवढं पाहिलेलं आहे.

आमदाराच्या नारळाकडे येऊ. स्थानिक विकास निधी आमदारामागे वर्षाला पाच कोटी. विधानसभा आणि विधान परिषद मिळून 366 आमदार, म्हणजे 1,830 कोटी. 2025-26 चा अर्थसंकल्प होता सात लाख कोटींचा, म्हणजे हा निधी त्याच्या पाव टक्क्याच्या आसपास. मग सगळीकडे आमदाराचाच फलक का दिसतो? तर ‘पंचवीस-पंधरा’मुळे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांचं 2515 हे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला त्या खर्चाचा नंबर, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतं. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीचं कुंपण सगळं त्यातून. इथे गरजेचा आराखडा नाही, शिफारसपत्र चालतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने फक्त या एका लेखाशीर्षाबद्दल लिहिलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

खरा राग यायला हवा तो वेगळ्याच गोष्टींचा, आणि त्या या मजकुरात औषधालाही नाहीत. जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींमधून यावेत, असं घटना सांगते. 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. मग गावाची गरज त्या बैठकीत मांडणार कोण? दुसरं, जनगणना. 2021 ची झालीच नाही. 30,000 मागे एक केंद्र म्हणायचं आणि डोकी मोजायची 2011 ची! वाघोली किंवा बदलापूरसारख्या झपाट्याने वाढलेल्या ठिकाणी त्या आकड्याला काय अर्थ उरतो? तिसरं, टोकन तरतूद. काम अर्थसंकल्पात आलं म्हणून गावात पेढे वाटतात आणि पुढे बघावं तर तरतूद हजार रुपयांची.

‘प्लॅनच नाही’ म्हटलं की सगळेच सुटतात. प्लॅन नसेल तर तो कुणी मोडला, हे विचारायचं कुणाला?

धाकट्या काकांना मी उत्तरादाखल एवढंच लिहिलं, ‘काका, खड्डा कुठल्या रस्त्यावर आहे? नंबर सांगा.’ त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. तिसऱ्या दिवशी त्यांनी किलोमीटरच्या दगडाचा फोटो पाठवला, वरचं शेवाळ खरवडून. इजिमा 38. इतर जिल्हा मार्ग, म्हणजे जिल्हा परिषदेचा. सोमवारी ते बांधकाम विभागात जाऊन दुरुस्तीच्या प्राधान्यक्रमाची यादी मागणार आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज मी त्यांना लिहून दिलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट त्यांनीच आणलं.