हेल्मेटला ओरखडा येऊ देऊ नका

नवी गाडी घेतलीत, अभिनंदन. खजराना गणपतीला नेऊन आणलीत, हँडलला नाडा बांधलात, चाकाखाली लिंबू फोडलंत, म्हणजे देखभालीचं निम्मं काम उरकलं. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख. मी सुदामा नगरात राहून तीस वर्षं दुचाकी चालवतो आहे. एवढ्या काळात माझ्या तीन गाड्या, दोन गुडघे आणि मणक्यातल्या दोन चकत्या झिजल्या, तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार मला पोचतो. तसाही इंदुरात सल्ला हा पोह्यांवरच्या शेवेसारखा असतो, न मागता वर पडतो.

सुरुवात डोक्यापासून. हेल्मेट कशापासून वाचवतं असं विचारलं तर नवशिके 'रस्त्यापासून' म्हणतात. रस्ता बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो आहे तिथेच पडलेला असतो. हेल्मेट आपल्याला वाचवतं ते पोलिसापासून. एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सगळं सोपं आहे. पोलीस चौकात असतो, म्हणून हेल्मेटही चौकापुरतं. एरवी त्याची जागा कोपरात. आपल्या शहरातली कोपरं इतकी सुरक्षित आहेत की अस्थिरोगवाल्यांनी ती नकाशावरून काढून टाकावीत.

पलासिया चौकाच्या शंभर पावलं आधी हेल्मेट कोपरातून डोक्यात जायला हवं आणि चौक ओलांडला की डोक्यातून कोपरात. ही क्रिया चालत्या गाडीवर, एका हाताने, शेजारून सिटी बस जात असताना करायची असते. सरावानं जमतं. पट्टा मात्र लावू नका, काढताना वेळ मोडतो. पट्टा न लावलेल्या हेल्मेटचा आणखी एक गुण असा की गाडी घसरलीच तर ते आपल्या आधी सुखरूप खाली पोचतं.

आमचा भाचा पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याला हे पटत नाही. शिकलेली मुलं. तो म्हणतो, "मामा, बाहेरचं कवच फक्त घासटून घेतं. खरं काम आतला थर्माकोल करतो. आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतः पितो, म्हणून कवटीपर्यंत कमी पोचतो. एकदा चेपला की परत फुगत नाही. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं." मी त्याला आमचं हेल्मेट दाखवलं. ते दोनदा गच्चीवरून पडलंय, एकदा मांजरीनं त्यात पिल्लं घातली होती, आणि अजून पोलिसाला चालतं. तो गप्प बसला. पुराव्यापुढे शिक्षण टिकत नाही.

खरेदी फुटपाथवरून करावी. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. मानक क्रमांक आयएस ४१५१. फुटपाथवाल्याला हे तोंडपाठ असतं, म्हणून तो मार्काचे स्टिकर वेगळ्या पिशवीत ठेवतो. "साहेब, स्टिकर मागे लावू की बाजूला?" असं तो अदबीनं विचारतो. दुकानात ही सोय नाही. डोक्याचा घेर टेपनं मोजून, दोन्ही गाल किंचित दाबले जातील असं हेल्मेट घ्यावं, असं भाचा म्हणतो. पण घट्ट हेल्मेट कोपरात बसत नाही, हे त्याला कोण सांगणार?

कायदा आहे, नाही कसा? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट घाला म्हणतं, मागे बसणाऱ्यालासुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनं हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन बाद अशी तरतूद केली. हजार रुपये! तेवढ्यात फुटपाथवर चार हेल्मेटं येतात, स्टिकरांसकट. चार वर्षांखालच्या पोरांनाही सोडलं नाही. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला छोटं हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि गाडीचा वेग चाळीसच्या आत हवा. आपली रीत जास्त घरगुती आहे. पोरगं पुढे टाकीवर. त्याला हवा लागते, आपल्याला लागत नाही; किडे आधी त्याला भेटतात.

मागे बसणाऱ्या सौंना हेल्मेट देऊन संसारात विष कालवू नका. सानंद संस्थेच्या नाटकाला निघालेल्या बाईचा अंबाडा मोडला तर तिन्ही अंक तुम्हालाच ऐकावे लागतात, आणि ते रंगमंचावरचे नसतात. त्यांनी तुमचं हेल्मेट मांडीवर धरावं, पर्स हेल्मेटमध्ये ठेवावी आणि पदर वाऱ्यावर सोडावा. मागच्या चाकाशी जी जाळी असते, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती पदर-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून असते. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा असा नियमच आहे. पण जाळीनं गाडीचा लुक जातो, म्हणून नव्या पोरांनी ती पहिल्याच रविवारी मेकॅनिक नगरात नेऊन काढून घेतली आहे. पदराचं काय ते पदर बघेल.

हातमोजे, बूट, कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट ही मांडूला पावसाळ्यात टोळीनं जाणाऱ्या पोरांची थेरं. माणूस पडताना आधी हात टेकतो म्हणून तळवे सोलवटतात, असं म्हणतात. बरोबरच आहे, तळहाताला कातडी कशाला दिली आहे? पायात चप्पल बरी. अंगठ्यानं गिअर टाकला की गाडीशी जिव्हाळा वाढतो.

आता चेन. इथे जरा बसा, विषय जिव्हाळ्याचा आहे.

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय. रात्री सराफ्यातला खाऊबाजार उठला की झाडूवाले येतात आणि सकाळी तिथे कुणी भुट्ट्याचा कीस खाल्ला होता हे शपथेवर सांगावं लागतं. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. अख्ख्या शहरात ओला आणि सुका कचरा गुण्यागोविंदानं एकत्र नांदतो अशी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे तुमच्या गाडीची चेन. ओलं म्हणजे ऑइल, सुकं म्हणजे धूळ. ही शेवटची जागा जपायची की नाही?

भाच्याचं वेगळंच. म्हणे दर पाचशे किलोमीटरला गाडी मधल्या स्टँडवर घ्या, रॉकेलमध्ये ब्रश बुडवून चेन घासा, फडक्यानं कोरडी करा, मग चाक हातानं फिरवत चेनच्या आतल्या बाजूला ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडा, जादाचं पुसून घ्या. आणि खबरदार, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसाल तर फडक्यामागोमाग बोटंही आत जातात. झोल किती? खालच्या बाजूला बोटानं वर-खाली केलं की वीस ते तीस मिलिमीटर, साधारण इंचभर. फार ओढली तर बेअरिंगं खाते, फार सैल सोडली तर दातांवरून उडते. एवढं माणसानं स्वतःच्या दातांसाठी केलं तर कवळी घ्यावी लागणार नाही!

आपला उपाय फुकटात होतो. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे जळक्या ऑइलचा डबा असतो. त्यातलं वाटीभर चेनवर ओता. भाचा म्हणतो त्यात काजळी आणि इंजिनाच्या धातूचा चुरा असतो, म्हणजे आपण चेनला तेल नाही, पॉलिश पेपर लावतो. हरकत नाही. स्प्रॉकेटचे दात घासून करवतीसारखे वाकडे झाले की गाडी 'खर्र खर्र' असं बोलू लागते. मग महू नाक्यावर हॉर्न वाजवावा लागत नाही, लोक आपोआप वळून बघतात. शिवाय पँटच्या डाव्या पायावर ऑइलचे ठिपके पडतात, ते धुऊन जात नाहीत, त्यामुळे घराबाहेर पँटची अदलाबदल होण्याची भीती नाही.

गाडी धुवा मात्र दर रविवारी, फवाऱ्याच्या मशीननं. टाकी लोकांना दिसते, म्हणून टाकी आरशासारखी हवी. पाण्याची धार चाकाच्या मध्यभागी बेअरिंगवर आणि चेनवर जवळून मारा, म्हणजे होतं नव्हतं ग्रीसही निघून जाईल. चार घरांतल्या माणसांनी "वा, अजून नवी दिसते" म्हटलं पाहिजे. वाढलेलं पान सजवावं, कढई कोण बघतं?

इंजिन ऑइल: काळं झाल्यावर बदलणं ही उधळपट्टी. संपल्यावर बदला.

हवा: चाकाला लाथ मारून बघा. पाय दुखला तर हवा आहे. नेमका आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. साध्या गाडीला पुढे साधारण २५, मागे त्याहून चार-पाच पौंड जास्त, मागे माणूस बसला तर आणखी, आणि सगळं टायर थंड असताना. पण पंपावरच्या पोरानं "कितनी भरूं?" विचारल्यावर आकडा सांगणारा माणूस रिकामटेकडा वाटतो. "डाल दे अपने हिसाब से, भिया."

दिवा मात्र १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या गाड्यांमध्ये आपोआप चालू राहतो, त्याला बटणच नाही. समोरच्याला तुम्ही दिवसाही दिसावं हा उद्देश. त्यामुळे झालंय असं, की भर दुपारी जवाहर मार्गावरून जाताना अर्धं इंदूर तुमच्याकडे बघून हाताची बोटं मिटवतं-उघडतं. आजोबा, शाळकरी पोरं, रिक्षावाले, लग्नाच्या वरातीतला बँडवाला. तुम्ही दिसता आहात याची ही पोचपावती. त्यांना समजावत बसू नका. मी एकदा सिग्नलवर एका गृहस्थांना २०१७ चा नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वह सब ठीक है, पर बंद कर लो, बैटरी उतर जाएगी."

आरामाबद्दल थोडक्यात. मागच्या शॉकअपच्या बुडाशी खाचांची एक कडी असते. माणसं वाढली की ती पान्यानं एक-दोन खाचा पुढे सरकवायची आणि स्प्रिंग कडक करायची, असा संकेत आहे. चौघं बसणाऱ्या कुटुंबासाठी खाचाच पुरत नाहीत, तेव्हा हात लावू नका, खड्ड्यात सगळ्यांनी मिळून उडावं, एकोपा राहतो. नवतप्याच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत सीट तव्यासारखी तापते, वर टॉवेल टाका. टॉवेल घसरतो, त्याबरोबर तुम्हीही. पण थंड बुडानं. आरसे आत वळवा. मागे काय राहिलं ते बघणारा माणूस पुढे जात नाही.

भाच्याच्या कारखान्यापासून जवळच, पीथमपूरला, गाड्या तपासायचा नॅट्रॅक्सचा मोठा ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा, २०२१ साली सुरू झाला. तो मला बघायला घेऊन जाणार होता. मी म्हटलं, तिथे उलट्या बाजूनं दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल येते का? मधोमध गाय बसते का? मग कसली तपासणी? त्यापेक्षा संध्याकाळी सातला राजवाड्याकडे ये.

सगळं असं सुरळीत चाललं असताना १ ऑगस्ट २०२५ ला घात झाला. कलेक्टरांचा हुकूम लागू झाला: हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. पोलिसापासून वाचवणारं हेल्मेट आता पंपावरच्या पोरापासूनही वाचवू लागलं. एका दूधवाल्यानं कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरलं, त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पट्टा झाकणालाही नव्हता.

त्याच आठवड्यात मी आमच्या पंपावर रांगेत होतो, हेल्मेट कोपरात. सगळ्यात पुढचा मुलगा वळला आणि म्हणाला, "अंकल, दो मिनट देना." दिलं. त्यानं डोक्यावर टेकवलं, शंभरचं भरलं, मागच्याला दिलं. मागच्यानं त्याच्या मागच्याला. रांगेत नऊ गाड्या होत्या आणि डोकं एकच होतं म्हणायला हरकत नाही. माझा नंबर आला तेव्हा ते परत माझ्याकडे आलं. आत सात प्रकारच्या तेलांचा वास, कुणाचा तरी कंगवा आणि गरम. मी घातलं, दोनशेचं भरलं, आणि सुटे पैसे मोजेपर्यंत एका काकांनी "बस एक मिनिट हं" म्हणून डोक्यावरून उचललं. मराठीत बोलले, म्हणून मी विश्वास ठेवला.

काका गेले ते गेले. फूटी कोठीकडे वळताना दिसले, हेल्मेट कोपरात. मी पाठलाग केला असता, पण चेन उतरली.

कुणाला सापडलं तर कृपया कळवावं. रंग काळा, मागच्या बाजूला दोन स्टिकर, दोन्ही मार्काचे. वर एक चीर आहे, आतल्या अस्तराला मांजरीचे केस आहेत. पट्टा मात्र कोरा करकरीत, अजून कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे.